डेस्कटॉप डेटाबेस शिकायचाय? आधी कागद-पेन्सिल घ्या

एका छोट्या वाचनालयाच्या नोंदी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळा कारभार एका स्प्रेडशीटमध्ये होता. एकच लांबलचक यादी. सभासदाचं नाव, पत्ता, फोन, पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, सगळं एकाच ओळीत. एका सभासदाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. पत्ता बदलला होता, पण दोनच ओळींमध्ये. ‘आत्ता बाहेर किती पुस्तकं आहेत?’ असं कुणी विचारलं की मी पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजायचे.

मग डेटाबेसचं सॉफ्टवेअर उघडलं, विझार्डमध्ये ‘पुढे, पुढे’ करत गेले आणि त्याच सगळ्या रकान्यांचं एक भलंमोठं टेबल बनवलं. म्हणजे गाठोडं तेच, फक्त कपाट नवं. पंधरा दिवसांत ते मोडीत काढलं. दुसऱ्या वेळी संगणक बंद ठेवून कागदावर सुरुवात केली, आणि तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्या दुसऱ्या वेळच्या पायऱ्या इथे देते. उदाहरण वाचनालयाचंच ठेवते. तुमच्याकडे रुग्ण असतील, सुटे भाग असतील किंवा संस्थेचे वर्गणीदार. नावं बदला, रीत तीच.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- डेटाबेस सॉफ्टवेअर (कुठलं, ते पायरी २ मध्ये)
- कोरे कागद, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, कारण खोडाखोड होणारच
- तुमच्या आताच्या नोंदी: वही, फॉर्म, स्प्रेडशीट, जे असेल ते
- त्या नोंदींची एक प्रत, जिला तुम्ही अजिबात हात लावणार नाही
- युनिकोडमध्ये मराठी टाइप करायची सोय
- लोक तुम्हाला वारंवार विचारतात अशा आठ-दहा प्रश्नांची यादी

ही शेवटची गोष्ट बहुतेक जण वगळतात. पण डेटाबेस बनवायचा तो प्रश्नांना उत्तरं मिळावीत म्हणूनच. प्रश्नच माहीत नसतील तर कुठला रकाना ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे ठरवणार कशावरून?

पायरी १: डेटाबेसची गरज आहे का, ते बघा

एकच साधी यादी असेल, उदाहरणार्थ फक्त फोन नंबरांची, तर स्प्रेडशीट पुरे. डेटाबेसच्या भानगडीत पडू नका. ‘स्प्रेडशीटमध्ये ओळी मावत नाहीत’ हे कारणही सहसा खरं नसतं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात.

खरी खूण वेगळी आहे. तीच माहिती पुन्हा पुन्हा टाइप करावी लागते का? एक गोष्ट बदलली की पाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागते का? एका माणसाच्या अनेक नोंदी असतात का? यातल्या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर पुढे वाचा.

पायरी २: सॉफ्टवेअर निवडा, पण त्यात आठवडा घालवू नका

नवख्यांसाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आलं. ते फक्त विंडोजवर चालतं, मॅकसाठी त्याची आवृत्ती नाही. टेबल, फॉर्म (माहिती भरायचा पडदा), रिपोर्ट (छापायचा अहवाल) सगळं एका फाइलमध्ये राहतं आणि त्या फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. नुसत्या मजकुरासाठी ही जागा प्रचंड होते, पण फोटो आत कोंबायला लागलात तर बघता बघता भरते. फोटो बाहेर फोल्डरमध्ये ठेवा आणि टेबलमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहा.

लिबरऑफिस बेस मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यातल्या काही भागांना संगणकावर जावा हे वेगळं सॉफ्टवेअर असावं लागतं. लिबरऑफिस ६४ बिटचं असेल तर जावाही ६४ बिटचंच लागतं. ‘जावा सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी ही जोडी जुळते का ते पाहा. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती.

एसक्यूलाइट हे नुसतं इंजिन आहे, म्हणजे माहिती साठवणारा आणि शोधणारा आतला भाग. त्यात फॉर्म किंवा रिपोर्ट नाहीत. टेबल आणि क्वेरी (म्हणजे माहितीला विचारलेले प्रश्न) शिकायला मात्र ते छान आहे, आणि ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ या मोफत प्रोग्रॅममुळे हाताळायलाही सोपं पडतं.

माझं मत विचाराल तर ॲक्सेस आधीच संगणकावर असेल तर ते घ्या, नसेल तर बेस. टेबल कसं आखायचं हे एकदा समजलं की एकातून दुसऱ्यात जाणं अवघड नाही. खालच्या सूचना प्रामुख्याने ॲक्सेसच्या आहेत. बेस जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी ३: कागदावर टेबलं आखा

निम्म्याहून जास्त काम इथेच आहे, म्हणून इथे रेंगाळा.

नात्यांवर आधारलेल्या डेटाबेसची मूळ कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. त्यामागचं गणित आपल्याला नको. आपल्याला उचलायचंय ते एवढंच की प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, आणि बाकी सगळीकडून त्या ठिकाणाकडे फक्त बोट दाखवायचं.

आता कागदावर आपल्या कामाचं वर्णन साध्या वाक्यांत लिहा. ‘सभासद पुस्तक घरी नेतो आणि काही दिवसांनी परत करतो.’ या वाक्यातली नामं अधोरेखित करा: सभासद, पुस्तक. प्रत्येक नामाला एक टेबल. नेणं आणि परत करणं ही घटना आहे, तिलाही तिचं टेबल हवं. वाचनालयात त्याला देवघेव म्हणतात. झाली तीन टेबलं.

मीही आधी इथेच थांबले होते, आणि मग अडकले. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत बाहेर गेली की नोंद काय करायची? ‘पुस्तक बाहेर आहे’ म्हणावं तर दुसरी प्रत कपाटात उभी असते. म्हणजे माझ्या डोक्यात ‘पुस्तक’ या एका शब्दाखाली दोन गोष्टी दडल्या होत्या: एक ती कृती, जिला नाव आणि लेखक असतो, दुसरी ती हातात धरायची प्रत, जिला दाखल क्रमांक असतो. सभासद नेतो ती प्रत. म्हणून चौथं टेबल आलं:

- सभासद: सभासद क्रमांक, नाव, फोन, पत्ता, सामील झाल्याची तारीख
- पुस्तक: पुस्तक क्रमांक, शीर्षक, लेखक, भाषा
- प्रत: प्रत क्रमांक, दाखल क्रमांक, पुस्तक क्रमांक
- देवघेव: देवघेव क्रमांक, सभासद क्रमांक, प्रत क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख

तुमच्याही कामात असा एखादा दुहेरी शब्द असणार. दवाखान्यात ‘रुग्ण’ आणि ‘रुग्णाची भेट’, वर्गात ‘विषय’ आणि ‘विषयाची तुकडी’. तो शोधा. तो सापडेपर्यंत संगणक उघडू नका.

आता टेबलांमध्ये रेघा ओढा. एका पुस्तकाच्या अनेक प्रती, पण एक प्रत एकाच पुस्तकाची. याला एकास-अनेक नातं म्हणतात. सभासद आणि प्रती यांचं नातं मात्र दोन्ही बाजूंनी अनेकाचं आहे: एक सभासद अनेक प्रती नेतो, एक प्रत कालांतराने अनेक सभासदांकडे जाते. असं नातं थेट जोडता येत नाही. मध्ये एक टेबल बसवावं लागतं, आणि ते आपल्याकडे आधीच तयार आहे: देवघेव.

कागदावरच पकडता येतात असे काही सापळे:

*आकडे लावलेले रकाने.* सभासदाच्या टेबलात पुस्तक१, पुस्तक२, पुस्तक३ असे रकाने दिसले तर थांबा. चौथं पुस्तक नेलं तर कुठे लिहिणार? आणि ‘अमुक पुस्तक कोणाकडे आहे’ हे तीन-तीन रकान्यांत शोधत बसणार? ते वेगळं टेबल आहे.

*एका खणात दोन गोष्टी.* फोनच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन दोन नंबर, किंवा नाव आणि गाव एकत्र. शोधताना आणि क्रम लावताना हे छळतं.

*मोजून काढता येणारी माहिती.* वय साठवू नका, जन्मतारीख साठवा. ‘सध्या बाहेर असलेल्या प्रती’ असा रकाना ठेवू नका, देवघेवीतून तो आकडा केव्हाही मिळतो. साठवलेला आकडा एक दिवस चुकणारच, आणि चुकला हे कळणारही नाही.

एका पुस्तकाचे दोन लेखक असतील तर काय, असं मनात आलं असेल तर तुम्ही योग्य रस्त्यावर आहात. काटेकोरपणे पाहिलं तर लेखकाचं वेगळं टेबल आणि मध्ये आणखी एक जोड-टेबल हवं. पण पहिल्याच प्रयत्नात इतकं ताणू नका. माझ्या यादीत लेखकाचा रकाना साधा मजकुराचाच राहिला. सहलेखक मोजके होते आणि लेखकावरून कुणी हिशेब मागत नव्हतं.

शेवटी सुरुवातीची प्रश्नांची यादी काढा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर या कागदावरच्या टेबलांतून निघतं का, ते बोट फिरवून बघा. निघत नसेल तर खोडा आणि पुन्हा आखा.

पायरी ४: टेबलं बनवा

ॲक्सेस सुरू करून कोरा डेटाबेस निवडलात की ते लगेच फाइलचं नाव विचारतं. वर्डमध्ये आधी लिहितो आणि मग जतन करतो. इथे उलटं आहे, बेसमध्येही तसंच.

मग समोर एक रिकामं टेबल येतं आणि ‘इथे क्लिक करून रकाना जोडा’ म्हणतं. त्या मोहात पडू नका. तिथे थेट माहिती टाइप केली तर रकान्याचा प्रकार सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. डिझाइन व्ह्यूमध्ये जा आणि प्रत्येक रकान्याचं नाव आणि प्रकार स्वतः ठरवा.

नावांबद्दल: रकान्यांची नावं छोटी, रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता ठेवा. मराठी नावं चालतात, पण पुढे क्वेरी लिहिताना आणि माहिती दुसरीकडे नेताना कटकट होते. पडद्यावर मराठी दिसावं म्हणून प्रत्येक रकान्याला ‘कॅप्शन’ देता येतं, तिथे हवं ते मराठी लिहा. नुसतं ‘डेट’ किंवा ‘नेम’ असं नाव देऊ नका. हे शब्द सॉफ्टवेअरने स्वतःसाठी राखून ठेवलेले आहेत आणि त्यावरून येणाऱ्या चुका फार फसव्या असतात.

प्रकारांबद्दल थोडक्यात:

- नाव, शीर्षक: शॉर्ट टेक्स्ट. यात २५५ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो, जास्त हवं असेल तर लाँग टेक्स्ट.
- फोन, पिनकोड, दाखल क्रमांक: हेसुद्धा टेक्स्ट. अंक दिसतात म्हणून ‘नंबर’ निवडलात तर सुरुवातीचं शून्य उडून जातं. साधी कसोटी अशी: या आकड्यांची कधी बेरीज करणार आहात का? नसाल तर तो मजकूर आहे.
- तारखा: डेट/टाइम. मजकूर म्हणून तारीख ठेवली तर क्रम लावताना १० तारीख २ तारखेच्या आधी येते.
- पैसे: करन्सी. दशांशाच्या साध्या ‘डबल’ प्रकारात बारीक फरक पडू शकतो, आणि हिशेबात एका पैशाचा फरकही रात्र खातो.

प्रत्येक टेबलाला प्रायमरी की द्या, म्हणजे प्रत्येक नोंदीची न बदलणारी, दुसऱ्या कुणाची नसलेली ओळख. नाव चालणार नाही, एकाच नावाची दोन माणसं असतात. फोन चालणार नाही, तो बदलतो. ॲक्सेसमध्ये ‘ऑटोनंबर’ घ्या; बेसमध्ये ‘इंटिजर’ घेऊन ‘ऑटोव्हॅल्यू’ चालू करा. बेसमध्ये तर प्रायमरी की नसलेल्या टेबलात नोंदी भरताच येत नाहीत. ‘टेबल दिसतंय पण टाइप होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ऑटोनंबरमध्ये मधले आकडे गळतात. नोंद अर्धवट टाकून सोडली किंवा पुसली तर तो क्रमांक पुन्हा येत नाही. त्यात बिघडलेलं काही नाही. मी मात्र ते गळलेले आकडे भरून काढायच्या मागे लागले होते. तुम्ही लागू नका. सलग क्रमांक हवेच असतील तर दाखल क्रमांकाचा रकाना वेगळा आहेच.

प्रत टेबलातला ‘पुस्तक क्रमांक’ ही फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे दाखवलेलं बोट. इथला हमखास सापळा असा की तिकडे ऑटोनंबर आहे म्हणून इथेही ऑटोनंबर निवडला जातो. तसं करू नका. इथे ‘नंबर’ आणि त्याचा आकार ‘लाँग इंटिजर’ हवा.

दोन-तीन कुलपंही आत्ताच लावून घ्या. सभासदाचं नाव ‘रिक्वायर्ड’ करा. दाखल क्रमांकावर दोनदा तोच आकडा येऊ न देणारा इंडेक्स लावा. टेबलाच्या गुणधर्मांत परतीची तारीख नेल्याच्या तारखेच्या आधीची नसावी, असा व्हॅलिडेशन रूल लिहा. परतीची तारीख मात्र रिकामी राहू द्या. ती रिकामी आहे याचाच अर्थ प्रत अजून बाहेर आहे.

पायरी ५: नाती जोडा

ॲक्सेसमध्ये ‘डेटाबेस टूल्स’मधून, बेसमध्ये ‘टूल्स’मधून ‘रिलेशनशिप्स’ उघडा. चारही टेबलं आणा आणि कागदावरच्या रेघा इथे माउसने ओढा: पुस्तकातला पुस्तक क्रमांक धरून प्रतीतल्या पुस्तक क्रमांकावर सोडायचा.

ॲक्सेसमध्ये एक खिडकी उघडते. तिथे ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी’वर खूण करा. मग अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर देवघेव नोंदवायला सॉफ्टवेअर नकार देतं. ज्याच्या नोंदी शिल्लक आहेत असा सभासद पुसायलाही नकार देतं. सुरुवातीला हे नकार जाचतात, पण निराधार नोंदी शोधत बसण्यापेक्षा परवडले.

त्याच खिडकीत ‘कॅस्केड डिलीट’ची खूण आहे. ती सोडून द्या. ती लावली आणि एक सभासद पुसला की त्याचा सगळा देवघेवीचा इतिहास त्याच्यासोबत जातो. परत आणायची सोय नाही.

रेघ ओढू देत नसेल तर तीन गोष्टी तपासा: दोन्ही रकान्यांचा प्रकार जुळतो का, त्यातलं एखादं टेबल दुसरीकडे उघडं आहे का, आणि आधी भरलेल्या नोंदींत एखादी अनाथ नोंद आहे का.

पायरी ६: आधी खोट्या नोंदी, मग खऱ्या

जुनी माहिती लगेच ओतू नका. प्रत्येक टेबलात दहाएक बनावट नोंदी हाताने भरा. त्यात मुद्दाम वाकडे प्रसंग घ्या: एकाच नावाचे दोन सभासद, एकाही पुस्तकाला हात न लावलेला सभासद, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, आज नेऊन आजच परत. आखणीतल्या चुका इथे उघड होतात. या टप्प्यावर टेबल मोडून नवं करायला पाच मिनिटं लागतात. दोन हजार नोंदी भरल्यावर दोन दिवस.

मग खरी माहिती. ती आणण्याआधी स्प्रेडशीटमध्येच साफ करा. नावांच्या मागेपुढे चिकटलेल्या रिकाम्या जागा काढा, तारखांचं रूप एकसारखं करा, मधली शीर्षकं आणि बेरजेच्या ओळी उडवा. जुनी मराठी माहिती युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर टेबलात अगम्य रोमन अक्षरं येतील आणि त्यांत शोध घेणं अशक्य होईल. सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) आणताना ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, निवडा. तिथे चूक झाली की देवनागरीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो.

आणण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सभासद आणि पुस्तक, मग प्रत, शेवटी देवघेव. ज्यांच्याकडे बोट दाखवायचं ते आधी जागेवर हवेत. आणून झाल्यावर टेबलांच्या यादीत ‘इम्पोर्ट एरर्स’ असं नाव असलेलं टेबल उगवलंय का ते पाहा. काही ओळींतली माहिती गळली असेल तर तिचा पत्ता त्यात असतो.

पायरी ७: क्वेरी, म्हणजे प्रश्न विचारणं

सगळ्यात मजेचा भाग हाच, आणि सगळ्यात गुपचूप फसवणाराही. टेबलातली चूक आरडाओरडा करते. क्वेरीतली चूक नीटनेटकं, खात्रीशीर दिसणारं, चुकीचं उत्तर देते.

प्रश्न आधी मराठीत पूर्ण लिहा: ‘१४ दिवसांपेक्षा जास्त काळ ज्यांच्याकडे प्रत आहे त्या सभासदांची नावं आणि फोन.’ मग त्याचे तुकडे पाडा. कुठली टेबलं लागतील? सभासद आणि देवघेव. कुठले रकाने दिसायला हवेत? नाव, फोन, नेल्याची तारीख. अटी कुठल्या? नेल्याची तारीख आजच्या १४ दिवस आधीच्या तारखेपेक्षा जुनी, आणि परतीची तारीख रिकामी.

‘क्रिएट’मधून ‘क्वेरी डिझाइन’ उघडा, टेबलं आणा, रकाने खालच्या जाळीत ओढा आणि अटी ‘क्रायटेरिया’च्या ओळीत लिहा.

एकाच ओळीतल्या अटी ‘आणि’ने जोडल्या जातात, खालच्या वेगळ्या ओळीतल्या ‘किंवा’ने. वरच्या प्रश्नात दोन्ही अटी एकाच ओळीत हव्यात. मी दुसरी अट खालच्या ओळीत लिहिली होती, आणि परत केलेल्या माणसांनाही ‘पुस्तक थकलंय’ म्हणून फोन केले. एक आजोबा दुसऱ्या दिवशी पावतीच घेऊन आले.

रिकाम्या खणाला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. म्हणून त्याची तुलना बरोबरच्या चिन्हाने होत नाही. ‘इज नल’ असंच लिहावं लागतं. बरोबरचं चिन्ह वापरलंत तर चूक दाखवली जात नाही, फक्त उत्तरात एकही ओळ येत नाही.

दोन टेबलं आणली आणि त्यांच्यात रेघच नसेल तर प्रत्येक ओळ दुसऱ्यातल्या प्रत्येक ओळीशी जोडली जाते. २०० सभासद आणि १,५०० प्रती असतील तर ३,००,००० ओळी. उत्तर अचानक अफाट आलं की आधी रेघ शोधा.

रेघ असली तरी ती मुळात ‘दोन्हीकडे जुळणाऱ्या’ नोंदीच दाखवते. ‘एकही पुस्तक न नेलेले सभासद कोण?’ या प्रश्नाला अशा रेघेने कधीच उत्तर मिळणार नाही, कारण ते देवघेवीत नाहीतच. रेघेवर डबल क्लिक करून ‘सगळे सभासद आणि जुळणाऱ्या देवघेवी’ हा पर्याय घ्या आणि देवघेव क्रमांकावर ‘इज नल’ अट लावा. याला लेफ्ट जॉइन म्हणतात. हे जमलं की क्वेरीची भीती निम्मी सरते.

ॲक्सेसने मधेच ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ असं विचारलं तर बहुतेक वेळा रकान्याच्या नावात टाइपिंगची चूक आहे. त्याला तो शब्द ओळखता येत नाही म्हणून ते तुम्हालाच विचारतं. हीच गोष्ट मुद्दामही वापरता येते: अटीत चौकोनी कंसात ‘सभासदाचं नाव?’ असं लिहा, म्हणजे दर वेळी ते नाव विचारेल आणि एकच क्वेरी सगळ्यांसाठी चालेल. बेसमध्ये यासाठी कंसाऐवजी विसर्गासारखं दिसणारं कोलन आणि त्यापुढे शब्द द्यायचा असतो.

नावाचा एखादाच तुकडा आठवत असेल तर ‘लाइक’ वापरा. ॲक्सेस पुढच्या-मागच्या कुठल्याही अक्षरांसाठी तारका घेतं; एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेच्या, प्रमाण पद्धतीत टक्क्याचं चिन्ह असतं. हा फरक माहीत नसला की दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली क्वेरी चिकटवून ‘काहीच सापडत नाही’ म्हणत बसायची वेळ येते.

तारखेची अट ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये लिहिताना ती अमेरिकी क्रमाने, म्हणजे आधी महिना असा, वाचली जाते. ५ मार्चचा ३ मे होतो. वर्ष-महिना-दिवस असा क्रम वापरलात तर घोळ टळतो.

मोजणीसाठी सिग्माचं (Σ) बटण दाबा, जाळीत ‘टोटल’ची ओळ येते. भाषेवर ‘ग्रुप बाय’ आणि पुस्तक क्रमांकावर ‘काउंट’ ठेवलं की प्रत्येक भाषेतली किती पुस्तकं आहेत ते दिसतं.

बदल करणाऱ्या क्वेरी, म्हणजे अपडेट आणि डिलीट, सुरुवातीचे काही आठवडे वापरू नका. वापरायच्याच झाल्या तर आधी त्याच अटींनी साधी निवडीची क्वेरी चालवून बघा, किती आणि कुठल्या ओळी येतात ते डोळ्यांनी तपासा, फाइलची प्रत काढा, आणि मगच बटण दाबा. बटण दाबूनही काहीच घडलं नाही तर वरच्या पिवळ्या पट्टीवर ‘एनेबल कंटेंट’ आहे का पाहा; ते दाबेपर्यंत ॲक्सेस अशा क्वेरी अडवून ठेवतं.

पायरी ८: फॉर्म आणि रिपोर्ट

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि मला वाटतं सगळ्यात कमी घालवावा. दोन्हींसाठी विझार्ड बिनधास्त वापरा.

एकच सुधारणा जरूर करा: देवघेवीच्या फॉर्ममध्ये सभासद क्रमांक टाइप करायला लावू नका, तिथे कॉम्बो बॉक्स, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारी यादी, ठेवा. तो नाव दाखवतो आणि साठवतो मात्र क्रमांक. हा बॉक्स फॉर्ममध्येच ठेवा; टेबलात ‘लुकअप’ म्हणून बसवलात तर टेबलात नाव दिसतं, आत आकडा असतो, आणि नावावर अट लावली की क्वेरी बिघडते.

रिपोर्ट थेट टेबलावर न बांधता क्वेरीवर बांधा. थकलेल्या प्रतींची क्वेरी आपल्याकडे आहेच.

पायरी ९: जतन करणं आणि प्रत ठेवणं

इथे ॲक्सेस आणि बेस अगदी उलटे वागतात. ॲक्सेसमध्ये एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलात की नोंद आपोआप जतन होते. ओळीच्या कडेला पेन्सिल दिसतेय तोवरच एस्केप दाबून बदल रद्द करता येतो. ‘जतन न करता बंद करते’ ही पळवाट इथे नाही. बेसमध्ये नेहमीच्या, एकाच फाइलमध्ये सामावलेल्या डेटाबेसमध्ये नोंद भरल्यावर ती फाइलही जतन करावी लागते. नोंदी भरून झाल्या की मुख्य खिडकीत येऊन कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावून घ्या.

पुसलेल्या नोंदींची जागा ॲक्सेस लगेच मोकळी करत नाही, त्यामुळे फाइल फुगत जाते. महिन्यातून एकदा ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवा, पण त्याआधी प्रत काढा.

चालू डेटाबेस आपोआप सिंक होणाऱ्या ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवरून उघडू नका. फाइल उघडी असताना तिची अर्धवट प्रत वर जाते आणि ती बिघडू शकते. प्रत तिथे ठेवायला हरकत नाही, पण फाइल बंद करून, नावात तारीख घालून. दोघांना एकाच वेळी काम करायचं असेल तर टेबलांची फाइल जाळ्यावरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात, आणि फॉर्म-क्वेरींची वेगळी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर. ॲक्सेसमध्ये त्यासाठी ‘स्प्लिट डेटाबेस’ची सोय आहे.

प्रत काढल्यावर एकदा ती दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडा आणि थकलेल्या प्रतींची क्वेरी चालवा. माझी पहिली ‘बॅकअप’ फाइल उघडली तेव्हा तो नुसता शॉर्टकट निघाला होता.